ब्रेनस्टेमचे सात छेद न चुकता कसे काढायचे: सुरुवात गर्भातल्या नळीपासून

न्यूरोअ‍ॅनाटॉमी सुरू झाली की दरवर्षी कोल्हापुरातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून एकच तक्रार येते. "मॅडम, पाठ केलंय ओ सगळं, पण छेद समोर आला की जातंय डोक्यातनं." जर्नल उघडून बघावं तर आकृत्या सुबक असतात, रंग नीट भरलेले असतात. पण सहाव्या क्रॅनिअल नर्व्हच्या न्यूक्लियसवर, म्हणजे तिच्या चेतापेशींच्या पुंजक्यावर, सातवीचं नाव असतं, मिडब्रेनच्या छेदात चौथा व्हेंट्रिकल (मेंदूतली द्रवानं भरलेली पोकळी) काढलेला असतो आणि न्यूक्लियस अँबिग्युअस मधल्या रेषेला चिकटलेला असतो.

यात मेहनत कमी पडलेली नसते, क्रम उलटा झालेला असतो. मुलं प्रौढ मेंदूचे छेद आधी पाठ करतात आणि गर्भातली वाढ शॉर्ट नोटपुरती शेवटी ठेवतात. खरं तर कुठला न्यूक्लियस आत, कुठला बाहेर, हे सगळं चौथ्या-पाचव्या आठवड्यातच ठरतं. ते एकदा हातानं करून पाहिलं की छेदातली बहुतेक नावं स्वतः लावता येतात. सीपीआरचं मेडिकल कॉलेज असो, कसबा बावड्याचं असो, आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा फिजिओथेरपी असो, ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ, सगळ्यांना तोच आहे. खाली दिलेला क्रम मोडू नका. एका बैठकीत संपवायचा हट्टही धरू नका, चार-पाच संध्याकाळी लागतील.

## तयारी

एक मोठा चार्ट पेपर, कोरे कागद, पेन्सिल आणि सहा रंग घ्या: लाल, केशरी, हिरवा, पिवळा, निळा, जांभळा. बागेला पाणी घालायच्या जाड रबरी नळीचा वीतभर तुकडा आणि ब्लेड लागेल. शिवणाचा पक्का दोरा आणि उदबत्तीच्या मोकळ्या काड्या लागतील. आणि किलोभर शाडू. शाहूपुरीतल्या किंवा गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत विचारा, गणपतीच्या आधीच्या दिवसांत सहज मिळते. शाडू ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आत काठी किंवा तार घालू नका, कारण माती वाळताना आकसते आणि काठीभोवती भेगा पडतात.

रंगांचा अर्थ आजच ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका:

- लाल: डोळा हलवणारे आणि जिभेचे स्नायू, म्हणजे सोमॅटिक मोटर
- केशरी: फॅरिंजियल आर्चपासून (गर्भाच्या घशाजवळच्या कमानींपासून) झालेले स्नायू, म्हणजे ब्रँकियल मोटर
- हिरवा: पॅरासिंपथेटिक, म्हणजे ग्रंथी, बाहुली आणि आतले अवयव आपोआप चालवणारे तंतू
- पिवळा: आतल्या अवयवांची संवेदना आणि चव
- निळा: चेहऱ्याची सर्वसाधारण संवेदना
- जांभळा: ऐकणं आणि तोल

सावधान: प्रत्येक कागदाच्या माथ्यावर पहिल्यांदा "वर पाठ, खाली पोट" असं लिहा. अ‍ॅनाटॉमीच्या बहुतेक पुस्तकांत ब्रेनस्टेमचा छेद असाच छापतात. एमआरआयमध्ये तो उलटा दिसतो, त्याबद्दल शेवटी. दोन्ही पद्धती एकाच वहीत मिसळल्या की पिरॅमिड वर आणि व्हेंट्रिकल खाली अशा आकृत्या तयार होतात.

## टप्पा १: नळी आणि तिचे फुगवटे

तिसऱ्या आठवड्यात न्यूरल प्लेट तयार होते, तिच्या कडा वर उचलल्या जातात आणि मध्ये जुळून नळी बनते. नळीचं डोक्याकडचं तोंड साधारण २५व्या दिवशी मिटतं, शेपटीकडचं त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. चौथ्या आठवड्यात डोक्याकडे तीन फुगवटे दिसतात: प्रोसेनसेफॅलॉन, मेसेनसेफॅलॉन, ऱ्हॉंबेनसेफॅलॉन. पाचव्या आठवड्यात पहिल्याचे आणि तिसऱ्याचे दोन-दोन भाग होतात. मधला अखंड राहतो.

कागदावर एक उभी नळी काढा आणि फक्त खालचे तीन भाग आपले म्हणून रंगवा. मेसेनसेफॅलॉनपासून मिडब्रेन होतो. मेटेनसेफॅलॉनपासून पॉन्स आणि सेरेबेलम, मायलेनसेफॅलॉनपासून मेड्युला. लगेच पोकळीचं नावही लिहा: मिडब्रेनमध्ये अ‍ॅक्विडक्ट, पॉन्समागे आणि मेड्युलाच्या वरच्या अर्ध्या भागामागे चौथा व्हेंट्रिकल, मेड्युलाच्या खालच्या अर्ध्या भागात सेंट्रल कॅनाल.

नेहमीची चूक: मेटेनसेफॅलॉनपासून झाला म्हणून सेरेबेलम ब्रेनस्टेममध्ये धरणं. उगम एक असला तरी ब्रेनस्टेम म्हणजे मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला एवढंच.

तपासणी: अ‍ॅक्विडक्ट बुजला तर कुठले व्हेंट्रिकल फुगतील? दोन्ही लॅटरल आणि तिसरा फुगतील, चौथा फुगणार नाही. हे उत्तर पोकळ्यांच्या क्रमावरून देता आलं तरच पुढे जा.

## टप्पा २: भिंतीचे दोन भाग

आता नळीचा आडवा छेद काढा. पाठीकडे पातळ रूफ प्लेट, पोटाकडे फ्लोअर प्लेट आणि दोन्ही बाजूंना जाड भिंती. भिंतीच्या आतल्या अंगाला एक उथळ खाच असते, ती सल्कस लिमिटन्स. खाचेच्या पाठीकडची भिंत एलार प्लेट, ती संवेदनेची. पोटाकडची बेसल प्लेट, ती मोटर.

ही विभागणी आपोआप होत नाही. नोटोकॉर्ड आणि फ्लोअर प्लेटमधून येणारं सॉनिक हेजहॉग प्रथिन पोटाकडच्या पेशींना मोटर बनवतं. पाठीकडून येणारी बीएमपी गटातली प्रथिनं एलार बाजू घडवतात. इथे एवढंच पुरे. जनुकांच्या याद्या आत्ता पाठ करायला घेऊ नका.

तपासणी: मज्जारज्जूत मोटर पुढे आणि संवेदना मागे असते. मग मेड्युलात मोटर आत आणि संवेदना बाहेर कशी गेली? उत्तर येत नसेल तर चांगलंच, पुढचा टप्पा त्याच्यासाठीच आहे.

## टप्पा ३: नळी वाकवून बघा

हा टप्पा वाचून सोडून देणारी मुलं पुढे हमखास अडतात. रबरी नळी खरोखर हातात घ्या.

१. नळीच्या एका बाजूला ब्लेडनं चार-पाच बोटं लांबीचा सरळ चीर द्या. चिरेची बाजू म्हणजे पाठ. दोन्ही टोकं अखंड ठेवा.

२. चिरेच्या दोन्ही बाजूंना आतून पेनानं खुणा करा. चिरेच्या अगदी कडेला निळी, तळाशी लाल, दोन्हींच्या मध्ये सल्कस लिमिटन्सची काळी रेघ.

३. दोन्ही टोकं धरून नळी अशी वाकवा की चीर आतल्या, म्हणजे खोलगट बाजूला येईल.

चिरेच्या कडा दोन्हीकडे फाकतात आणि मध्ये पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची उघडी जागा तयार होते. टोकं निमुळती, मध्य रुंद. वरून आत बघा. निळी खूण बाहेर सरकली आहे, लाल खूण मधल्या रेषेजवळ आहे आणि काळी रेघ दोन्हींच्या मधोमध.

गर्भात हेच पॉन्टाइन फ्लेक्शरमुळे होतं. मिडब्रेनपाशी आणि मानेपाशी नळी पोटाकडे वळते, तर पॉन्सपाशी नेमकी उलट वळते. तिथली खोलगट बाजू पाठीकडे येते, भिंती बाहेर फाकतात आणि रूफ प्लेट ताणून पातळ पडद्यासारखी होते. ती उघडी चौकट म्हणजे चौथ्या व्हेंट्रिकलचा तळ, ऱ्हॉम्बॉइड फॉसा. पातळ छताला पाया मेटर चिकटतं, कोरॉइड प्लेक्सस तयार होतो. त्याच छतात नंतर एक मधलं आणि दोन बाजूची, अशी तीन छिद्रं उघडतात.

सावधान: चीर बाहेरच्या बाजूला ठेवून नळी वाकवली तर कडा फाकायच्या ऐवजी ताणून जवळ येतात. 'दिसत नाही' म्हणून प्रयोग सोडणाऱ्यांनी बहुतेक नळी उलटी धरलेली असते.

तपासणी: मिडब्रेन आणि मेड्युलाचा खालचा भाग उघडलेलाच नाही. म्हणून तिथे मोटर आत-संवेदना बाहेर हा नियम जसाच्या तसा लागू नाही, मोटर पोटाकडे आणि संवेदना पाठीकडे, हा जुना नियम चालतो. चार्टवर हे आत्ताच लिहून ठेवा.

## टप्पा ४: सहा पट्टे

चार्ट पेपरवर मधोमध एक उभी रेघ काढा. ती मधली रेषा. उजव्या अर्ध्यात, मधून बाहेर, सहा उभे पट्टे आखा: लाल, केशरी, हिरवा, मग सल्कस लिमिटन्सची काळी रेघ, मग पिवळा, निळा, जांभळा. चार्टचे आडवे तीन भाग करा. वर मिडब्रेन, मध्ये पॉन्स, खाली मेड्युला.

आता न्यूक्लियस भरा. एक पट्टा वरून खालपर्यंत पूर्ण करा, मगच पुढचा घ्या. नर्व्हच्या क्रमानं भरायला घेतलं की गोंधळ होतो, कारण पाचवी, सातवी, नववी आणि दहावी या नर्व्हना एकापेक्षा जास्त पट्ट्यांत न्यूक्लियस आहेत.

लाल. तिसरीचा सुपीरियर कॉलिक्युलसच्या पातळीवर, चौथीचा इन्फीरियर कॉलिक्युलसच्या पातळीवर, सहावीचा पॉन्सच्या खालच्या भागात, बारावीचा मेड्युलात. चारही मधल्या रेषेला लागून. ३, ४, ६, १२ हे बाराचे भाजक आहेत, हे लक्षात ठेवा, वॉर्डात उपयोगी पडतं.

केशरी. पाचवीचा मोटर न्यूक्लियस पॉन्सच्या मध्यावर, हा पहिल्या आर्चचा. सातवीचा पॉन्सच्या खालच्या भागात, दुसऱ्या आर्चचा. मेड्युलात न्यूक्लियस अँबिग्युअस: नववी, दहावी आणि अकरावीचा क्रॅनिअल भाग.

हिरवा. मिडब्रेनमध्ये एडिंगर-वेस्टफॉल, बाहुली आकुंचन पावण्यासाठी. पॉन्सच्या खालच्या टोकाला सुपीरियर सॅलिव्हेटरी, सातवीतून डोळ्याच्या अश्रुग्रंथीला आणि जबड्याखालच्या व जिभेखालच्या लाळग्रंथींना. त्याच्या खाली इन्फीरियर सॅलिव्हेटरी, नववीतून पॅरॉटिडला. मेड्युलात डॉर्सल व्हेगल.

पिवळा. इथे एकच लांब न्यूक्लियस आहे, सॉलिटरी ट्रॅक्टचा, तोही मुख्यतः मेड्युलात. वरचा भाग चवीचा, खालचा हृदय, फुप्फुस, आतडी यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांचा. प्रत्येक नर्व्हला वेगळा पिवळा ठिपका काढत बसू नका.

निळा. हा पट्टा तीनही भागांत पसरला आहे. मिडब्रेनमध्ये पाचवीचा मेसेनसेफॅलिक न्यूक्लियस, पॉन्समध्ये प्रिन्सिपल, तिथून मेड्युला ओलांडून वरच्या सर्व्हायकल मज्जारज्जूपर्यंत स्पायनल न्यूक्लियस. स्पर्श मुख्यतः प्रिन्सिपलकडे, वेदना आणि तापमान स्पायनलकडे. चेहऱ्याची त्वचा पाचवीची, म्हणून न्यूक्लियस फक्त पॉन्समध्ये असेल असं धरून चालणं, ही इथली सगळ्यात महाग चूक. लॅटरल मेड्युलरी सिंड्रोमचं निम्मं उत्तर त्यातच जातं.

जांभळा. कॉक्लिअर आणि व्हेस्टिब्युलर, पॉन्स-मेड्युलाच्या सीमेवर, सगळ्यात बाहेर.

तपासणी: चार्ट झाकून फक्त "मेड्युला" या आडव्या पट्टीतले न्यूक्लियस मधून बाहेर म्हणून दाखवा. लाल बारावी, केशरी अँबिग्युअस, हिरवा डॉर्सल व्हेगल, पिवळा सॉलिटरी, निळा स्पायनल ट्रायजेमिनल, जांभळा व्हेस्टिब्युलर. अडखळलात तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: जागा सोडून गेलेले न्यूक्लियस

चार्टवरची जागा म्हणजे जन्मजागा. छेदात काही न्यूक्लियस तिथे सापडत नाहीत, कारण पेशी सरकल्या. सरकण्याच्या तीन घटना बाणांनी दाखवा.

पहिली: सगळा केशरी पट्टा. तो व्हेंट्रिकलच्या तळाजवळून पोटाकडे आणि बाहेर सरकतो. म्हणून अँबिग्युअस लाल-हिरव्यांच्या रांगेत नसून खाली खोलवर सापडतो. जर्नलमधला मधल्या रेषेला चिकटलेला अँबिग्युअस इथेच सुधारतो.

दुसरी: सातवीचा वळसा. सातवीच्या मोटर पेशी सरकताना त्यांचे तंतू मागे राहतात. परिणामी प्रौढ पॉन्समध्ये हे तंतू न्यूक्लियसमधून निघून आधी व्हेंट्रिकलच्या तळाकडे येतात, सहावीच्या न्यूक्लियसला वळसा घालतात आणि मग पुढे-बाहेर जाऊन पॉन्समधून निघतात. हा वळसा म्हणजे सातवीचा जिन्यू. त्यामुळे तळावर जो उंचवटा दिसतो, त्याला फेशियल कॉलिक्युलस म्हणतात. त्याच्या आत न्यूक्लियस सहावीचा आहे, सातवीचे फक्त तंतू आहेत. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो आणि नावावरून उत्तर देणारा फसतो.

तिसरी: एलार प्लेटच्या कडेच्या पेशी. ऱ्हॉम्बिक लिपमधून निघालेल्या पेशी पाठीकडून पोटाकडे लांबचा प्रवास करतात. खाली त्या इन्फीरियर ऑलिव्हरी न्यूक्लियस बनतात, वर पॉन्टाइन न्यूक्लियस. म्हणजे पोटाच्या बाजूला दिसतं ते सगळं बेसल प्लेटचं, हे गृहीत चुकीचं आहे. ऑलिव्ह पुढे दिसतो, पण तो मोटर नव्हे.

मिडब्रेनमध्ये एलार प्लेटपासून चार कॉलिक्युलाय होतात. रेड न्यूक्लियस आणि सब्स्टॅन्शिया नायग्राच्या उगमाबद्दल पुस्तकांत वेगवेगळं लिहिलेलं आढळेल, कुठे एलार, कुठे बेसल. सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या डोपामिनच्या पेशी फ्लोअर प्लेटच्या भागातून येतात, असं अलीकडच्या संशोधनातून दिसतं. लेखी परीक्षेत वर्गात नेमलेल्या पुस्तकाचं उत्तर लिहा आणि मतभेद एका ओळीत नोंदवा.

## टप्पा ६: शाडूचा ब्रेनस्टेम

खरा मेड्युला साधारण ३ सेंटिमीटर, पॉन्स २.५ आणि मिडब्रेन २ सेंटिमीटर लांब असतो. आपण दुप्पट करू: ६, ५ आणि ४. म्हणजे १५ सेंटिमीटरचा जाड गोळा, खाली निमुळता.

आधी पोटाची बाजू घडवा. मेड्युलावर मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पिरॅमिडचे दोन उभे उंचवटे, वरच्या अर्ध्यात त्यांच्या बाहेर ऑलिव्हचे दोन लांबट उंचवटे. पिरॅमिडच्या खालच्या टोकाला मधली खाच अंगठ्यानं पुसून टाका, तिथे तंतू एकमेकांना ओलांडतात. पॉन्सला पोट सुटल्यासारखा फुगवटा आणि मध्ये बेसिलर आर्टरीची उथळ खाच. मिडब्रेनला दोन खांब, म्हणजे क्रस सेरेब्राय, आणि मध्ये खड्डा.

मग पाठ. मिडब्रेनवर चार छोटे उंचवटे. त्याखाली पॉन्सच्या पूर्ण पाठीवर आणि मेड्युलाच्या वरच्या अर्ध्यावर मिळून चौकट कोरा. चौकटीच्या वरच्या भागात मधल्या रेषेलगत दोन फेशियल कॉलिक्युलाय. खालच्या भागात मधल्या रेषेलगत बारावीचा त्रिकोण, त्याच्या बाहेर दहावीचा, आणखी बाहेर व्हेस्टिब्युलर एरिया. टप्पा चारचा चार्ट शेजारी ठेवा, तोच क्रम इथे मातीत दिसतो.

आता उदबत्तीच्या काड्या नर्व्ह म्हणून खोचा:

- तिसरी: क्रसच्या आतल्या बाजूनं, खड्ड्यात
- चौथी: पाठीकडून, इन्फीरियर कॉलिक्युलसच्या लगेच खाली. पाठीकडून निघणारी ही एकटीच, आणि बाहेर येण्याआधी ती बाजूही बदलते
- पाचवी: पॉन्सच्या बाजूला, मिडल सेरेबेलर पेडंकल सुरू होतो तिथे
- सहावी, सातवी, आठवी: पॉन्स-मेड्युलाच्या खाचेत, मधून बाहेर याच क्रमानं
- बारावी: पिरॅमिड आणि ऑलिव्हच्या मधून
- नववी, दहावी, अकरावी: ऑलिव्हच्या मागून, वरून खाली

नेहमीची चूक: बारावी ऑलिव्हच्या मागे खोचणं. लाल पट्टा मधल्या रेषेजवळचा, म्हणून त्याची नर्व्ह पुढे, मधल्या रेषेजवळ निघते. सहावी आणि तिसरीही तशाच. केशरी पट्ट्याच्या नर्व्ह बाजूनं निघतात. काडी खोचताना तिचा रंग आठवला की जागा सापडते.

## टप्पा ७: दोऱ्यानं सात छेद

शाडू ओली असतानाच दोरा दोन्ही हातांत ताणून धरा आणि खालून वर सात काप घ्या. सुरी वापरू नका, आकार दबतो. प्रत्येक काप कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढा, म्हणजे आकृतीचा आकार पुस्तकातून उसना घ्यावा लागत नाही.

प्रत्येक छेदात भरण्याचा क्रम एकच ठेवा: बाह्यरेषा, पोकळी, पोटाकडची खूण, मधले मार्ग, न्यूक्लियस, बाजूचे मार्ग. पोकळी चुकली की छेदाची पातळीच चुकते, म्हणून ती न्यूक्लियसच्या आधी.

१. मोटर डिकसेशन (डिकसेशन म्हणजे तंतूंची ओलांडणी). सेंट्रल कॅनाल. पिरॅमिडचे तंतू मधली रेषा ओलांडून मागे-बाहेर जाताना दाखवा. मागे ग्रेसाइल आणि क्यूनिएट, बाजूला स्पायनल ट्रायजेमिनल.

२. सेन्सरी डिकसेशन. किंचित वर. अजूनही सेंट्रल कॅनाल, पण थोडी मागे सरकलेली. ग्रेसाइल आणि क्यूनिएट न्यूक्लियसमधून इंटर्नल आर्क्युएट तंतू कमानीसारखे पुढे येऊन ओलांडतात आणि मीडियल लेम्निस्कस, म्हणजे स्पर्श आणि सांध्यांची जाणीव वर नेणारा मार्ग, बनतात. १ आणि २ यांची अदलाबदल फार होते. पिरॅमिड अखंड दिसत असेल आणि मागून कमानी येत असतील तर तो दुसरा छेद.

३. ऑलिव्हची पातळी. सातांत हाच सगळ्यात जास्त विचारला जातो, इथे वेळ द्या. व्हेंट्रिकल उघडलेला. पुढे पिरॅमिड, त्यामागे मीडियल लेम्निस्कस मधल्या रेषेलगत उभा, आणि आणखी मागे, तळाजवळ एमएलएफ (मीडियल लॉन्जिट्युडिनल फॅसिक्युलस). ऑलिव्हरी न्यूक्लियस चुरगळलेल्या पिशवीसारखा काढा, तोंड मधल्या रेषेकडे. तळाखाली टप्पा चारचा क्रम: बारावी, डॉर्सल व्हेगल, सॉलिटरी, व्हेस्टिब्युलर. अँबिग्युअस ऑलिव्हच्या मागे, खोल. बाहेर मागच्या कोपऱ्यात इन्फीरियर सेरेबेलर पेडंकल, त्याच्या आतल्या बाजूला स्पायनल ट्रायजेमिनल, बाजूला पुढे स्पायनोथॅलॅमिक. शेवटी बारावीचे तंतू पिरॅमिड-ऑलिव्हच्या मधून आणि दहावीचे ऑलिव्हच्या मागून बाहेर काढा. मेड्युलाचा मधला, बाजूचा आणि मागचा भाग वेगळे करणाऱ्या रेषा याच.

४. पॉन्सचा खालचा भाग. तळावर फेशियल कॉलिक्युलस, आत सहावी, भोवती सातवीचा वळसा, सातवीचा न्यूक्लियस पुढे-बाहेर. मीडियल लेम्निस्कस आता आडवा पडला आहे. पोटाकडच्या अर्ध्यात आडवे तंतू, आणि त्यांच्यामुळे कॉर्टिकोस्पायनल मार्ग लहान-लहान गठ्ठ्यांत तुटलेला. एकसंध पिरॅमिड इथे काढला तर गुण जातात.

५. पॉन्सचा मधला-वरचा भाग. चौथ्यासारखाच, फक्त सहावी-सातवीऐवजी पाचवीचा मोटर न्यूक्लियस आत आणि प्रिन्सिपल सेन्सरी बाहेर.

६. इन्फीरियर कॉलिक्युलस. पोकळी अरुंद अ‍ॅक्विडक्ट. चौथीचा न्यूक्लियस, मध्ये सुपीरियर सेरेबेलर पेडंकलची ओलांडणी, लॅटरल लेम्निस्कस कॉलिक्युलसमध्ये शिरताना.

७. सुपीरियर कॉलिक्युलस. तिसरीचा न्यूक्लियस, एडिंगर-वेस्टफॉल, गोल रेड न्यूक्लियस, काळपट सब्स्टॅन्शिया नायग्रा, आणि क्रस. क्रसचे पाच भाग धरा: मधल्या तीन भागांत कॉर्टिकोस्पायनल व कॉर्टिकोन्यूक्लिअर, आतल्या एका भागात फ्रंटोपॉन्टाइन, बाहेरच्या एका भागात उरलेल्या लोबमधून पॉन्सकडे जाणारे तंतू.

सावधान: क्रस आणि सेरेब्रल पेडंकल एक नव्हेत. क्रस हा पेडंकलचा पुढचा भाग. नायग्रा आणि टेगमेंटम मिळवल्यावर पेडंकल पूर्ण होतो.

तपासणी: मीडियल लेम्निस्कसची दिशा सलग सांगा. मेड्युलात उभा, पायाचे तंतू पुढे. पॉन्समध्ये आडवा, पायाचे तंतू बाहेर. मिडब्रेनमध्ये बाहेर सरकून तिरका. हे सांगता आलं की सातही छेद एकमेकांशी जोडले गेले.

## टप्पा ८: डिसेक्शन हॉलमध्ये

कुणी तरी देहदान केलं म्हणून हा मेंदू आपल्या हातात आहे, हे विसरू नका. हातमोजे घाला. फॉर्मॅलिनमधून काढलेला नमुना आधी पाण्यात नीट धुवा.

सर्वात जास्त नुकसान होतं ते पडदे ओढून काढताना. अ‍ॅरॅक्नॉइड घाईनं ओढलं की बारीक चौथी नर्व्ह त्याच्याबरोबर निघून येते, नववी-दहावीची मुळंही तुटतात. म्हणून क्रम असा: आधी रक्तवाहिन्या जागेवर असताना आकृती काढा, मग बाराही नर्व्हपैकी ब्रेनस्टेमच्या नर्व्ह मोजून घ्या, चौथीला मागच्या बाजूनं शोधा, आणि त्यानंतरच पडदे बारीक चिमट्यानं सोडवा. सेरेबेलम काढायचा झाला तर मिडल पेडंकल पाचवीच्या मुळाच्या बाहेरच्या बाजूला कापा. सुपीरियर मेड्युलरी व्हेलम फार पातळ असतं, बोट घालून फाकवू नका.

स्लाइड बघताना रंगाची पद्धत विचारून घ्या. वायगर्ट पद्धतीत मायलिन गडद दिसतं, म्हणजे व्हाइट मॅटर काळं आणि न्यूक्लियस फिकट. 'ग्रे मॅटर म्हणजे गडद' असं धरून चालणारे ऑलिव्हच्या स्लाइडवर मार्गांना न्यूक्लियस म्हणतात.

## टप्पा ९: पेशंटवरून पातळी ओळखा

नियम सोपा. क्रॅनिअल नर्व्ह पातळी सांगते, लांब मार्ग मधला की बाजूचा ते सांगतो. मधल्या रेषेजवळ कॉर्टिकोस्पायनल, मीडियल लेम्निस्कस, एमएलएफ आणि लाल न्यूक्लियस. बाजूला स्पायनोथॅलॅमिक, स्पायनोसेरेबेलर, पाचवीचा सेन्सरी न्यूक्लियस आणि सिंपथेटिक मार्ग. पुस्तक मिटून हे तीन पेशंट सोडवा.

*पहिला.* चेहऱ्याच्या उजव्या बाजूला आणि डाव्या हातापायांना वेदना-तापमान कळत नाही. आवाज घोगरा, गिळताना ठसका, उजवी पापणी किंचित खाली आणि उजवी बाहुली लहान, चालताना उजवीकडे तोल. घोगरा आवाज म्हणजे अँबिग्युअस, म्हणून मेड्युला. पिरॅमिड शाबूत, म्हणून बाजूचा भाग. चेहऱ्याचे तंतू स्पायनल ट्रायजेमिनलपर्यंत अजून ओलांडलेले नाहीत, अंगाचे मात्र मज्जारज्जूतच ओलांडून आलेले आहेत. उत्तर: उजवी लॅटरल मेड्युला. रक्तपुरवठा व्हर्टिब्रल आर्टरी किंवा तिची पायका (पोस्टीरियर इन्फीरियर सेरेबेलर आर्टरी) ही शाखा.

*दुसरा.* जीभ बाहेर काढली की उजवीकडे वळते, डावा हात-पाय कमजोर, डावीकडे कंपनाची आणि सांध्यांची जाणीव गेलेली. बारावी, पिरॅमिड, मीडियल लेम्निस्कस, तिन्ही तिसऱ्या छेदात मधल्या रेषेलगत. उत्तर: उजवी मीडियल मेड्युला.

*तिसरा.* उजवी पापणी पूर्ण खाली, डोळा बाहेर-खाली वळलेला, बाहुली मोठी, डावं अंग लुळं. तिसरी नर्व्ह आणि क्रस एकत्र. उत्तर: उजवा मिडब्रेन, पुढचा भाग.

यानंतर एमआरआय हातात घ्या. तिथे पोट वर आणि पाठ खाली असते, आणि प्रतिमा पायाकडून पाहिल्यासारखी, म्हणून पेशंटची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते. वहीतला छेद कागदासकट १८० अंशांत फिरवला तर पोट वर येतं, पण बाजूही उलटतात. म्हणून फिरवण्याआधी छेदाच्या उजव्या बाजूला पेशंटच्या बाजूचं नाव लिहा, फिल्मवरची बाजूची खूण शोधा आणि दोन्ही जुळवा. मग व्हेंट्रिकल शोधा, त्याच्यावरून पातळी ठरवा, आणि शेवटी नर्व्हकडे जा.